जाता जात नाही तो कळफलक

संगणकाच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी एक छोटीशी खूण असते. तिच्यावर टिचकी मारली की कळफलकांची यादी उघडते. बहुतेकांच्या यादीत दोन नावे असतात, एक इंग्रजीचे आणि एक मराठीचे. ज्यांनी गेली वीस वर्षे संगणकावर मराठी लिहिले आहे त्यांच्या यादीत मात्र चार, पाच, कधी कधी सात नावे सापडतात. त्यातली निम्मी कुणी टाकली, केव्हा टाकली हे घरात कुणालाच ठाऊक नसते. आणि काढायला गेले की ती जात नाहीत. आज काढावीत, तर उद्या संगणक सुरू केला की पुन्हा हजर!

माझा एक जुना विद्यार्थी इथे पुसदलाच ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान चालवतो. त्याने मला हेच विचारले. "सर, तीनदा काढला, पण हा कीबोर्ड काही जाऊन नाही राहिला." त्याच्या प्रश्नाचे उत्तर चार ओळींचे आहे आणि ते मी पुढे देणार आहेच. पण ही नावे त्या यादीत आली कशी आणि ती इतकी चिवट का, हे सांगायचे तर टाइपरायटरपासून सुरुवात करावी लागते. निवृत्त शिक्षकाला सुरुवात करायला निमित्तच हवे असते. असो.

आधी एक खुलासा. कळफलक म्हणजे आपल्या बोटांखालची वस्तू, आणि मांडणी म्हणजे कोणती कळ दाबली की कोणते अक्षर उमटायचे याचा ठराव. बोलताना आपण दोन्हींना कीबोर्डच म्हणतो. यादीतून जी जात नाही ती मांडणी.

अमेरिकेतल्या क्रिस्टोफर शोल्स यांचे टंकलेखन यंत्र रेमिंग्टन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने १८७४ साली बाजारात आणले. इंग्रजीत सव्वीस अक्षरे. पुढे एकाच कळीवर लहान आणि मोठी लिपी बसली आणि काम भागले. देवनागरीची गोष्ट वेगळी. स्वर, व्यंजने, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि वर शेकड्यांनी जोडाक्षरे. यंत्राला कळा चाळीस-पंचेचाळीस, प्रत्येकीवर दोन खुणा, म्हणजे नव्वदीच्या आसपास खुणांत सगळा संसार मांडायचा. मग ज्यांनी देवनागरी यंत्रे बनवली त्यांनी एक युक्ती केली. पूर्ण 'श' कळीवर ठेवायचाच नाही. अर्धा 'श्' ठेवायचा आणि त्याला काना जोडून पूर्ण करायचा. त्यामुळे कान्याची कळ दुहेरी कामाला लागली.

दुसरी गोष्ट म्हणजे यंत्र कागदावर डावीकडून उजवीकडे सरकते. त्याला उच्चाराशी देणेघेणे नाही. म्हणून 'शिक्षक' लिहिताना आधी पहिली वेलांटी दाबायची, मग 'श्', मग काना. 'मूर्ती' लिहिताना म, ऊकार, त, दुसरी वेलांटी आणि सगळ्यात शेवटी रफार. आपण वर्गात मुलांना 'र्' आधी उच्चारायला शिकवतो, टायपिंगच्या क्लासात तो शेवटी दाबायला शिकवत. मी स्वतः १९७१ च्या उन्हाळ्यात हे शिकलो आहे, आणि व्याकरणाच्या तासाला शिकलेले तिथे दाराबाहेर ठेवावे लागे!

यंत्राला सोपे जावे म्हणून लिपीच बदलावी असे म्हणणारेही होते. सावरकरांनी पुरस्कारलेली 'अ' ची बाराखडी अनेकांना आठवत असेल. तिच्यामागे छपाईची आणि टंकलेखनाची सोय हा एक विचार होताच. १९५३ साली लखनौच्या परिषदेने तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे लिहावी असे ठरवले होते. लोकांना ते रुचले नाही आणि १९५७ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. म्हणजे यंत्रासाठी लिपी बदलली नाही. त्याऐवजी बोटांनी सवय बदलली, आणि ही सवय पुढे फार महागात पडली.

आपल्या भागापुरते बोलायचे तर पुसद वऱ्हाडातले. १९५० साली मध्यप्रांत-वऱ्हाडात राजभाषेचा कायदा झाला आणि हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषा राज्यकारभारात आल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठी राज्याची राजभाषा ठरली. तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, म्हणजे आपल्या पुसदजवळच्या गहुलीचे. कायदा कागदावर झाला, पण तालुक्याच्या कचेरीत तो उतरायचा तर टेबलावर मराठी टाइपरायटर हवा आणि त्यापुढे मराठी टाइपिस्ट हवा. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर काढला होता, त्यामुळे यंत्रांची सोय होऊ लागली. मग गावोगावी टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या. 'मराठी तीस', 'मराठी चाळीस' हे मिनिटाला किती शब्द याचे आकडे होते, पण आमच्या पिढीत ते पदव्यांसारखे बोलले जात. कारकुनाची नोकरी त्यावर लागे आणि लग्न त्या नोकरीवर ठरे.

हे यंत्र किती काळ टिकले पाहा. गोदरेजने टाइपरायटरचे उत्पादन २००९ मध्ये थांबवले आणि आपल्या राज्यात टाइपरायटरवरची शेवटची सरकारी परीक्षा २०१७ मध्ये झाली. म्हणजे संगणक घरोघरी पोहोचल्यावरही कितीतरी वर्षे पोरे-पोरी खडखड आवाज करत तीच जुनी मांडणी शिकत होती.

आता संगणकाकडे वळू. १९७० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांवर काम सुरू झाले. तिथल्या प्रा. सिन्हा यांच्या गटातले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथले जिस्ट कार्ड संगणकात बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या दिसत. याच काळात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच मांडणी ठरवली, ती म्हणजे इनस्क्रिप्ट. १९८६ मध्ये तिचा पहिला आराखडा आला, १९८८ मध्ये सुधारणा झाली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने इस्कीच्या मानकाबरोबर तिच्यावर शिक्का मारला.

इनस्क्रिप्ट मला शिक्षक म्हणून फार आवडते. डाव्या हाताला स्वर आणि त्यांच्या खुणा, उजव्या हाताला व्यंजने. 'क' च्या कळीवर शिफ्ट दाबले की 'ख', 'ग' च्या कळीवर 'घ', 'त' वर 'थ', 'द' वर 'ध'. अल्पप्राण आणि महाप्राण एकाच घरात, एक तळमजल्यावर तर दुसरा माडीवर. 'इ' च्या घरात खाली पहिली वेलांटी आणि वर स्वर 'इ'. आणि लिहायचे उच्चाराच्या क्रमाने. 'मूर्ती' म्हणजे म, ऊकार, र, हलन्त, त, दुसरी वेलांटी. वर्गात शिकवतो तसेच! शिवाय एकदा ही मांडणी आली की गुजरातीतही 'क' तिथेच आणि कन्नडमध्येही 'क' तिथेच.

इतकी शहाणी मांडणी सरकारमान्य झाली तरी ती बोटांत का शिरली नाही? कारण बोटे आधीच भरलेली होती. हजारो टाइपिस्ट रेमिंग्टनवर तयार झालेले. कचेरीत टाइपरायटर उचलून तिथे संगणक ठेवला, पण खुर्चीत बसणारा माणूस तोच. त्याला नव्याने क-ख-ग गिरवायला सांगणार कोण, आणि तेवढे दिवस कचेरीचे काम थांबवणार कोण? मग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी व्यवहार पाहिला. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम या सगळ्यांनी रेमिंग्टनसारखी मांडणीही दिली, इनस्क्रिप्टही दिली आणि आणखी दोन-तीन दिल्या. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी. कळफलकांची यादी लांबायला सुरुवात झाली ती इथून.

१९९० चे दशक हे फॉन्टचे दशक. ते नीट समजून घ्यायला हवे, कारण धोका तिथे आहे. संगणकाला तेव्हा मराठी कळतच नव्हती. त्याला कळत होती फक्त इंग्रजी अक्षरे. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षराला मराठी अंगरखा चढवला. उदाहरणार्थ आपल्याकडे डीटीपीवाल्यांमध्ये चालणारा कृतिदेव फॉन्ट. त्यात 'मराठी' हा शब्द लिहिला की पडद्यावर मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात साठते ते 'ई, जे, के, बी, एच'. 'शिक्षक' लिहिले तर पोटात जाते 'एफ, वरचे स्वल्पविराम-चिन्ह, के, महिरपी कंस, के, डी'. अंगरखा असेपर्यंत शिक्षक, तो काढला की हे जंतरमंतर. शिवाय प्रत्येक कंपनीचा शिंपी वेगळा. एका फॉन्टमध्ये 'डी' च्या अंगावर 'क' तर दुसऱ्यात भलतेच काही. त्या काळातल्या शाळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, कवितासंग्रह, लग्नपत्रिका आणि निधनवार्ता या सगळ्यांच्या फायली अशा उसन्या अंगरख्यात ठेवलेल्या आहेत.

म्हणजे त्या काळात मांडणी, फॉन्ट आणि साठवण या तिन्ही गोष्टी एकाच गाठीने बांधलेल्या होत्या. एक सोडली की तिन्ही सुटायच्या.

ही गाठ सोडवली युनिकोडने. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीला स्वतःची १२८ घरे मिळाली. प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक, जगात कुठेही तोच. सामान्य माणसाच्या संगणकावर ती सोय यायला विंडोज २००० उजाडावे लागले. २००१ मध्ये एक्सपी आली. ज्यांनी तिच्यावर मराठी सुरू केली असेल त्यांना आठवेल, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एका चौकटीत बरोबरची खूण करायची आणि मग संगणक म्हणायचा, एक्सपीची सीडी घाला. ती सीडी कधीच जागेवर नसे! पण एकदा ते झाले की 'मंगल' फॉन्टमध्ये मराठी दिसू लागे. हा मंगल फॉन्ट र. कृ. जोशी यांच्या हातचा. कवी आणि सुलेखनकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. २००८ मध्ये ते गेले. आज कोट्यवधी लोक त्यांचे अक्षर रोज वाचतात आणि बहुतेकांना त्यांचे नाव माहीत नाही.

युनिकोड आले, पण मराठी लिहायचे कसे? इनस्क्रिप्ट संगणकात आयते होते, मात्र ते कुणी शिकलेले नव्हते. परदेशातल्या आणि शहरातल्या तरुणांची बोटे इंग्रजीवर बसलेली. त्यांना इंग्रजीत 'एम-ए-आर' दाबून 'मर' उमटवायचे होते. त्यासाठी बरहा आले, मूळ १९९८ मध्ये कन्नडसाठी बनवलेले, पण मराठीही लिहू देणारे. गमभन आले. मराठी संकेतस्थळांवर लिहिणारी एक पिढी त्यावरच वाढली. पुढे गूगलचे लेखनसाधन आले आणि गेले. २०१९ मध्ये विंडोजमध्येच उच्चारानुसारी मराठी कळफलक आला. प्रत्येक वेळी यादीत एक नाव वाढले, आणि आधीचे कुणी काढले नाही.

आणखी एक साधन आले आणि यादीला खरे पाय फुटले. मायक्रोसॉफ्टने स्वतःची मांडणी स्वतः बनवण्याचे एक छोटे सॉफ्टवेअर फुकट दिले. ते बनवणारे मायकेल कॅपलान २०१५ मध्ये वारले. जगभरच्या भाषांसाठी फार मोठे काम केलेला माणूस. त्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर कळफलकाचे चित्र येते. हव्या त्या कळीवर हवे ते अक्षर ठेवायचे, नाव द्यायचे आणि बांधणी करायची, की तुमची मांडणी तयार.

आपल्याला त्याची गरजही होती. 'ॲ' या अक्षराचे उदाहरण घ्या. बॅट, बँक, ॲम्बुलन्स यांच्याशिवाय आपला दिवस जात नाही. पण 'ॲ' ला युनिकोडमध्ये घर मिळाले २००८ साली, आणि राज्य सरकारने 'ॲ' आणि 'ऑ' मराठी वर्णमालेत अधिकृतपणे घेतले २००९ च्या शासन निर्णयाने. घर मिळाले तरी आधीच संगणकात असलेल्या मांडण्यांत त्याला कळ नव्हती. 'तऱ्हा' आणि 'वऱ्हाड' मधला तो आडवा 'र' कुठे दडला आहे हेही लोकांना सापडत नव्हते. (इनस्क्रिप्टमध्ये तो 'र' च्याच कळीवर शिफ्टने येतो. वऱ्हाडातल्या माणसाला वऱ्हाड लिहिता येऊ नये म्हणजे काय!) मग कुणी 'ॲ' साठी मांडणी बनवली, कुणी युनिकोडमध्ये रेमिंग्टन उतरवले, कुणी इंग्रजीच्या रिकाम्या कळांवर मराठी विरामचिन्हे बसवली. मित्राने मित्राला दिली, छापखान्याने ग्राहकाला दिली. ज्या नावांचा कुणी धनी सापडत नाही ती यादीतली नावे ही अशी आलेली असतात.

तर आता मूळ प्रश्न. ती जात का नाहीत?

शाळेच्या भाषेत सांगतो. विद्यार्थ्याची नोंद शाळेत तीन ठिकाणी असते. एक तो स्वतः, बाकावर बसलेला. दुसरे जनरल रजिस्टर, ज्यात दाखल-खारीज होते. तिसरा वर्गाचा हजेरीपट. मुलगा गाव सोडून गेला, पण हजेरीपटावर नाव राहिले, तर गुरुजी रोज त्याचे नाव पुकारतात. संगणकातही तसेच आहे. मांडणीची एक फाइल असते, ती विंडोजच्या सिस्टीम फोल्डरात बसते. तिची नोंद रजिस्ट्री नावाच्या मोठ्या वहीत असते. आणि तुमच्या खात्याच्या भाषायादीत तिचे नाव असते, तो हजेरीपट. लोक यातले एकच काढतात आणि म्हणतात, गेला नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी हजेरीपट. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी, तिच्या लँग्वेज ऑप्शन्समध्ये कीबोर्डची यादी. नको असलेली मांडणी तिथून काढायची. त्याआधी दुसरी एखादी मांडणी चालू करून घ्यावी, वापरात असलेली निघताना कुरकुर करते. मग स्थापित प्रोग्रामच्या यादीत जावे. स्वतः बनवलेली मांडणी तिथे स्वतःच्या नावाने, एखाद्या सॉफ्टवेअरसारखी दिसते. तिथून अनइन्स्टॉल करावे. तिथे दिसत नसेल आणि मूळ सेटअप जपून ठेवला असेल तर तोच पुन्हा चालवावा, तो काढून टाकण्याचा पर्याय देतो. शेवटी संगणक बंद करून सुरू करावा, कारण उघड्या असलेल्या प्रोग्रामांनी ती फाइल हातात धरून ठेवलेली असते.

उलट क्रमाने केले, म्हणजे आधी प्रोग्राम काढला आणि नाव यादीत राहिले, तर तिथे 'अनअव्हेलेबल इनपुट मेथड' अशी ओळ दिसू लागते. मुलगा गेला, पटावर नाव राहिले, तोच प्रकार. ती ओळ निवडून काढून टाकावी.

कधी कधी याच्या उलट होते. सेटिंग्जच्या यादीत नाव नाही, पण खाली कोपऱ्यात मांडणी हजर. तेव्हा युक्ती अशी की ती मांडणी यादीत मुद्दाम पुन्हा घालायची आणि मग रीतसर काढायची. हसू नका, शाळेतही असेच करतात. ज्याचे नावच पटावर नाही त्याला दाखला कसा देणार? आधी दाखल करून घ्यायचे, मग दाखला द्यायचा.

एवढ्यानेही परत आली तर तीन जागा तपासाव्यात. पहिली, पासवर्ड विचारणारा सुरुवातीचा पडदा. त्याची भाषायादी वेगळी असते. प्रादेशिक सेटिंग्जच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह भागात आपली सुधारलेली यादी त्या पडद्यासाठी आणि नव्या खात्यांसाठी कॉपी करण्याची सोय आहे. दुसरी, मायक्रोसॉफ्टचे खाते. दोन संगणकांवर एकच खाते असेल आणि भाषेच्या आवडीनिवडी जुळवून घेण्याचा पर्याय चालू असेल, तर एका संगणकावरचे नाव दुसऱ्यावर चालत येते. तिसरी म्हणजे रजिस्ट्री. तिच्यात सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल आणि कीबोर्ड लेआउट्स असे आत आत गेले की प्रत्येक मांडणीला आठ खुणांचे एक नाव दिसते. विंडोजबरोबर आलेल्या मराठीच्या नावाच्या शेवटी ०४४ई असते आणि सुरुवातीला शून्ये. त्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या मांडणीची पहिली खूण इंग्रजी 'ए' असते. अनाथ राहिलेली नोंद अशी ओळखू येते. पण हे शेवटचे काम जाणत्या माणसाकडून, वहीची प्रत काढून ठेवून मगच करावे. शून्यांनी सुरू होणाऱ्या नोंदींना हात लावू नये.

झाले उत्तर. पण काढण्याआधी थांबा, कारण माझे खरे सांगणे पुढेच आहे.

माझे एक सहकारी होते, मराठीचे शिक्षक. पुसद, महागाव, उमरखेड या भागातल्या खेड्यांत जाऊन त्यांनी बायकांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या आणि वऱ्हाडी म्हणी गोळा केल्या. शंभरेक पाने झाली होती. १९९९ च्या सुमारास त्यांनी ती एका टाइपिस्टकडून संगणकावर करून घेतली. सर गेले. काही वर्षांनी त्यांच्या मुलाने संगणक दुरुस्तीला दिला. दुरुस्ती करणाऱ्याने चांगल्या हेतूनेच साफसफाई केली, 'नको ते' फॉन्ट आणि कळफलक काढून टाकले. घरी आणून फाइल उघडली तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत इंग्रजी अक्षरे, कंस आणि ठिपके. ज्या म्हाताऱ्यांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांतली एकही आता हयात नाही. हस्तलिखित पावसात भिजून कधीच गेले होते. मुलगा म्हणाला, "काका, बाबांची फाइल मेली."

मेली नव्हती. तिचा अंगरखा गेला होता. 'ई, जे, के, बी, एच' दिसले की कृतिदेव हे ओळखता येते. पत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात तो फॉन्ट मिळाला, अक्षरे परत आली. मग जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलणारे एक साधन वापरून सगळे रूपांतर केले. ते पूर्ण शुद्ध येत नाही. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो, कारण टाइपरायटरचा दृष्टीचा क्रम आणि युनिकोडचा उच्चाराचा क्रम यांची अदलाबदल करावी लागते. आम्ही दोघे रोज दुपारी बसून एकेक ओवी मोठ्याने वाचून तपासत गेलो. दोन महिने लागले. ओवी असल्यामुळे बरे झाले. चाल बिघडली की चूक कानाला कळायची.

यातून मला एक फरक नीट कळला, आणि तो प्रत्येकाला कळावा असे वाटते. तुम्ही युनिकोडमध्ये लिहीत असाल तर कोणतीही मांडणी बिनधास्त काढा. 'मराठी' हा शब्द इनस्क्रिप्टने लिहा, उच्चारानुसारी लिहा की युनिकोडमधल्या रेमिंग्टनने लिहा, पोटात म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी हीच पाच चिन्हे जातात. मांडणी म्हणजे तिथे नुसती शिडी. माडीवर पोहोचल्यावर शिडी काढली तरी माडी पडत नाही. पण फायली जुन्या फॉन्टमधल्या असतील तर शिडी आणि माडी एकाच लाकडाची आहे. तिथे सफाई म्हणजे पाडापाडी.

तेव्हा मंडळी, यादीतले अनोळखी नाव काढण्याआधी एवढे करा. संगणकात १९९० ते २००५ च्या काळातल्या मराठी फायली आहेत का ते शोधा. प्रत्येक उघडून कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते नाव कागदावर लिहा. तो फॉन्ट आणि मांडणीचा सेटअप पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये बदला, आणि बदललेला मजकूर कुणालातरी मोठ्याने वाचायला लावा. छापून एक प्रत घरात ठेवा, ती वाचायला कोणताही फॉन्ट लागत नाही. मगच काढा.

आणि घरात एखादे वयस्कर माणूस अजून रेमिंग्टनवरच लिहीत असेल तर त्याची मांडणी 'जुनी झाली' म्हणून परस्पर काढू नका. चाळीस वर्षांची सवय सेटिंग्जमध्ये नसते. बाकी सगळे बदलले तरी 'र' तेवढा बदललेला नाही, हे मात्र मला गमतीचे वाटते. कृतिदेवच्या रेमिंग्टनमध्येही तो इंग्रजी 'जे' च्या कळीवर आहे आणि इनस्क्रिप्टमध्येही तिथेच. उजव्या हाताची तर्जनी जिथे सहज टेकते, अगदी तिथे. नवीन मांडणी शिकायची असेल त्यांनी तिथून सुरुवात करावी. एक अक्षर तर आधीच येते.